हॉल सोडला की तास बाद

"प्रिय सदस्य, आपले शिक्षण अपूर्ण आहे," असा निरोप धम्मानंद खोब्रागड्यांच्या मोबाईलवर आला तेव्हा ते तर्री-पोहे खात होते. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि बशी बाजूला सारली. अपमान झाला की मोठ्या माणसाची भूक मरते, अशी त्यांची समजूत होती. थोड्या वेळाने त्यांनी बशी परत ओढली, पण ती तर्री वाया जाऊ नये म्हणून.

खोब्रागडे विमा सर्व्हेअर होते. कोणाचं काही जळलं, बुडालं, कोसळलं की भरपाई देण्याआधी विमा कंपनी ज्याला पाहायला पाठवते, तो माणूस. बुटीबोरीतल्या जळक्या गोदामात शिरायचं, बुटाच्या टोकाने राख उकरायची आणि "यात कापड कमी अन् राख जास्त दिसून राहिली, शेठजी," असं मालकाच्या तोंडावर म्हणायचं, यात त्यांची हयात गेली होती. शेठजी रडत. रडण्यातलं खरं किती आणि पॉलिसीपुरतं किती, हेसुद्धा खोब्रागडे टक्केवारीत सांगू शकत. अशा माणसाला कोणीतरी सांगत होतं की परवान्याचं नूतनीकरण हवं असेल तर महिना संपायच्या आत बारा तासांचं 'निरंतर शिक्षण' पूर्ण करा.

"मले शिकवणार हे? मले?"

"काहून, तुम्ही शिकूनच जन्माले आले होते का?" आतून प्रेमिलाताई म्हणाल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे या विषयात त्यांच्याकडून दया मिळणं शक्यच नव्हतं. "आम्हाले दर उन्हाळ्यात बोलावतेत. गोल करून बसवतेत, टाळ्या वाजवाले लावतेत, कागदाची फुलं कराले लावतेत. आम्ही मेलो का?"

"तुमचं वेगळं आहे वं."

"वेगळं कसं? आम्ही फुलं करतो, तुम्ही लोकाईच्या भरपाया कापता. कैची दोघाईच्याही हातात आहे."

एरवी खोब्रागड्यांनी हे लचांड शेवटच्या दिवसापर्यंत लांबवलं असतं. पण बुटीबोरीतली एक मोठी सूतगिरणी नुकतीच जळाली होती, आणि "काम तुम्हालाच द्यायचं आहे, फक्त परवाना ताजा पाहिजे," असं विमा कंपनीच्या मॅनेजरने सांगून ठेवलं होतं. एवढी आग नागपूरच्या आसपास रोज लागत नाही. त्या गिरणीत दुसरा कोणी सर्व्हेअर बूट घालून शिरतो आहे, या कल्पनेनेच खोब्रागडे उठून आपले बूट पुसून ठेवत.

शेजारचे दत्तोपंत लगेच धावून आले. ते सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्याच संध्याकाळपासून सल्लागार झाले होते. "खोब्रागडे, प्रशिक्षणाचं एक तंत्र असतं," ते खुर्चीत बसत म्हणाले. "सकाळी सही करायची, दुपारी जेवायचं, संध्याकाळी सही करायची. मधला भाग इतरांसाठी असतो. मी चाळीस प्रशिक्षणं केली. विषय विचाराल तर एकाचाही सांगता येणार नाही."

खोब्रागड्यांनी आजवर नेमकं हेच केलं होतं. पण शिक्षण देणाऱ्या संस्थेने या वर्षी सह्या बंद करून चेहरा ओळखणारं यंत्र आणलं होतं. सर्व्हेअर लोकांवर सगळं जग विश्वास टाकून लाखोंचे निवाडे मान्य करतं, पण ते खुर्चीत बसले आहेत की नाही यावर त्यांच्याच संस्थेचा विश्वास नव्हता. संस्थेला आपली माणसं चांगलीच ठाऊक होती म्हणायची.

पहिला मार्ग घरबसल्या ऑनलाइनचा. खोब्रागडे इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसले. खाली लुंगीच होती. पडद्यावर सूचना आली: 'कॅमेऱ्याकडे पाहा.' त्यांनी पाहिलं. 'चेहरा जुळत नाही.' संस्थेकडे फोटो होता तो पहिल्या परवान्याच्या वेळचा. त्यात खोब्रागड्यांच्या डोक्यावर कुरळं जंगल होतं आणि नजरेत माणुसकी होती. दोन्ही गोष्टी यथावकाश गेल्या होत्या. त्यांनी दिवा लावला, पंखा बंद केला, चष्मा काढला, हनुवटी वर केली. यंत्र आपल्या मतावर ठाम.

हेल्पलाइनवरची मुलगी फार गोड बोलली. "सर, तुम्ही म्हणजे तुम्हीच आहात, याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागेल. नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. छाननीला वेळ लागतो सर."

"अवो ताई, मी समोर बसून राहिलो न!"

"ते आम्हाला कसं कळणार सर?"

हा प्रश्न खोब्रागड्यांनी स्वतः असंख्य वेळा विचारला होता. 'माल गोदामात होताच हे मला कसं कळणार?' तेव्हा त्यांना तो फार टोकदार, बुद्धिमान प्रश्न वाटे. आता तो निव्वळ उद्धटपणा वाटला.

तरी त्यांनी प्रतिज्ञापत्र पाठवलं. साक्षीदार म्हणून दत्तोपंतांनी आणि प्रेमिलाताईंनी सही केली. दत्तोपंतांनी सही करण्याआधी जुना फोटो आणि समोरचा चेहरा आळीपाळीने बराच वेळ पाहिला, हे खोब्रागड्यांना आवडलं नाही. छाननीचं उत्तर येईना आणि महिना सरत चालला, म्हणून शेवटी वर्गात बसण्याचाच मार्ग उरला. धरमपेठेतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर होतं. हॉटेलचं नाव सांगत नाही. मालक अजून नागपुरातच आहे आणि स्वभावाने तापट आहे.

मे महिन्याचं नागपूर. बाहेर डांबर पातळ होत होतं आणि हॉलमध्ये छतावरच्या भल्यामोठ्या कूलरची हवा पत्र्याच्या नळातून येत होती. दारात यंत्र ताजा फोटो काढून नोंद करत होतं आणि बाजूला ऋषी नावाचा प्रशिक्षक उभा होता. सडपातळ, कोट घातलेला, बाहेरगावाहून आलेला. जळलेली वस्तू म्हणजे त्याने फार तर टोस्ट पाहिला असावा.

"एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवा," ऋषी म्हणाला. "सत्र चालू असताना हॉल सोडला की त्या दिवसाचे तास बाद. सत्र मध्येच बंद पडलं तरी सगळ्यांचेच बाद. आणि सगळं रेकॉर्ड होतंय."

हॉलभर बसलेल्या सर्व्हेअरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ते विमेदाराच्या खरेदीच्या बिलांकडे पाहतात. खोब्रागडे ज्येष्ठ म्हणून पहिल्या रांगेत मधोमध बसले. मागच्या रांगेत दिपाली नखाते होती. कधीकाळी त्यांच्याच हाताखाली काम शिकलेली. तिचे पहिल्या दिवसाआधीच निम्मे तास ऑनलाइन पूर्ण झाले होते. तिच्या चेहऱ्यावर यंत्राचा आक्षेप नव्हता.

पहिला दिवस झोपेत गेला. दुसऱ्या दिवशी विषय होता, 'पाण्याने होणारं नुकसान: लक्षणं आणि दक्षता'. ऋषीने कुठल्यातरी थंड देशातल्या घरांची चित्रं दाखवायला सुरुवात केली. बर्फाने नळ फुटतात म्हणे. नागपूरच्या मे महिन्यात बर्फाने फुटलेले नळ पाहून कित्येकांना जरा बरं वाटलं.

तेवढ्यात दिपाली म्हणाली, "सर, वर पाहा."

खोब्रागड्यांच्या बरोबर डोक्यावर, प्लास्टरच्या नक्षीदार छताला ताटाएवढा ओला डाग पडला होता. छतावरच्या कूलरची टाकी कुठेतरी झिरपत असावी. दुसरे कोणी असते तर उठून बाजूला गेले असते. पण हॉलमध्ये माणसं नव्हती, सर्व्हेअर होते. नळ अचानक फुटला तर विमा पैसे देतो आणि पाणी हळूहळू झिरपलं तर देत नाही, या एका वाक्यावर त्यांची घरं चालत होती. तेव्हा डाग पाहताच हॉलचे दोन तट पडले. एक म्हणे डाग आजचा, दुसरा म्हणे कालपरवाचा. कोणी मोबाईलचा टॉर्च मारला, कोणी फोटो मोठा करून पाहिला. ऋषीने "आपण पुढे जाऊ या का?" असं विचारलं, ते कोणी ऐकलं नाही. शिबिरात पहिल्यांदाच शिक्षण चालू झालं होतं.

शेवटी सगळे ज्येष्ठांकडे वळले. खोब्रागड्यांनी खुर्चीतूनच मान वर केली, डोळे बारीक केले आणि निर्णय दिला. "कड पिवळी आहे. पिवळी कड म्हणजे जुना डाग. अन् जुना डाग पडत नसते. पडाचा असता तर पहिलेच पडला असता."

डाग आता परातीएवढा झाला होता. एक थेंब त्यांच्या वहीवर पडला.

"सर, सरका न गा इकडे," मागून एकजण म्हणाला.

"दमट हवा आहे. कूलरचं असंच असते."

आजूबाजूच्या खुर्च्या हळूच मागे सरकल्या. हॉल सोडला की तास बाद, पण हॉलमधल्या हॉलमध्ये सरकायला बंदी नव्हती. बघता बघता पहिल्या रांगेत खोब्रागडे एकटेच उरले, एखाद्या बेटासारखे.

"सर, खरंच उठा," दिपाली म्हणाली.

"दिपाली, मी जागा सोडली तर माझ्या मताले काय अर्थ राहते? इतके वर्षं मी लोकाईले काय सांगत आलो? अंदाज एकदा दिला की मागं घ्याचा नसते. तुम्ही सांगा ऋषी सर, बर्फाचं काय म्हणत होते?"

ऋषीने तोंड उघडलं आणि छत आलं.

आधी प्लास्टर आलं, मग पाणी, मग कूलरमधलं भिजकं गवत आणि सगळ्यात शेवटी कबुतराचं एक रिकामं घरटं. खोब्रागडे दिसेनासे झाले. ढिगाऱ्यातून फक्त एक हात बाहेर आला. त्यात पेन होतं.

उपस्थितांपैकी प्रत्येकजण धावला, ही गोष्ट नाकारता येणार नाही. पण प्रत्येकाने आधी मोबाईल काढला. कोणी भोकाची लांबीरुंदी घेऊ लागलं, कोणी तुकड्यांची जाडी तपासू लागलं. हॉटेलचा एक वेटर बिचारा खोब्रागड्यांना उचलायला वाकला, तर दोघं-तिघं ओरडले, "अरे, हलवू नको! फोटो व्हाचे आहेत!" नुकसान झालेली वस्तू पाहणी होईपर्यंत जागेवरून हलवू नये, हा नियम नागपुरातल्या दोन पिढ्यांना खोब्रागड्यांनीच शिकवला होता. शेवटी दिपालीने सगळ्यांना बाजूला ढकललं आणि वेटरच्या मदतीने त्यांना बाहेर ओढलं.

भुवईवरून रक्त येत होतं, खांदा एका बाजूला लोंबत होता आणि सबंध माणूस चुन्याने पांढरा झाला होता. स्ट्रेचर दारापाशी आलं तेव्हा ऋषी हात जोडून आडवा आला. "सॉरी सर, पण जाता जाता चेहरा दाखवता का? निदान आत्तापर्यंतचे तास..."

स्ट्रेचर उभं धरण्यात आलं. यंत्राने पाहिलं. 'चेहरा जुळत नाही.'

रामदासपेठेतल्या दवाखान्यात टाके पडले, खांद्याजवळचं हाड मोडल्याचं निघालं, हात गळ्यात बांधला गेला. प्रेमिलाताई उन्हाळी प्रशिक्षणातून तडक आल्या. नवरा सुखरूप आहे हे पाहून त्यांना रडू आलं, आणि सगळी हकीकत कळल्यावर रडू थांबलं.

"डाग दिसला होता?"

"हौ."

"मग उठले काहून नाही?"

"तुले नाही कळाचं."

"कोणालेच नाही कळाचं, अजी," त्या म्हणाल्या आणि मोसंबी सोलायला घेतली.

सत्र बंद पडल्यामुळे तास सगळ्यांचेच बाद झाले. हाड मोडलं त्याचं कोणाला फार वाटलं नाही, पण तास गेले म्हणून अख्ख्या विदर्भातले सर्व्हेअर खोब्रागड्यांवर खार खाऊन बसले. त्यांनी वेळेवर 'पडतंय' म्हटलं असतं तर सत्रच शेजारच्या हॉलमध्ये हलवता आलं असतं, असं जो तो म्हणू लागला. महिना संपला. खोब्रागड्यांचा परवानाही संपला. दिपालीचे निम्मे तास ऑनलाइन आधीच झाले होते, उरलेले तिने तसेच घरबसल्या भरले, आणि बुटीबोरीची सूतगिरणी दिपालीला मिळाली.

ही बातमी दत्तोपंतांनी आणली. पाठोपाठ सल्लाही दिला. "तुम्ही हॉटेलवर दावा ठोका. त्यांचाही विमा असेलच. आणि गळ्यातला पट्टा काढू नका. आंघोळीलाही काढू नका."

दावा ठोकला. आठवड्याभरात हॉटेलच्या विमा कंपनीचा सर्व्हेअर घरी आला. दारात दिपाली नखाते उभी होती.

"सर, मी नाही म्हणत होते. पण बाकी सगळे त्या दिवशी हॉलमध्ये होते, ते तुमच्यावर चिडून बसले आहेत. कंपनी म्हणाली, त्यातल्या त्यात तूच जा."

प्रेमिलाताईंनी चहा-चिवडा ठेवला आणि स्वतः समोर बसल्या. शाळेत तपासणी आली की त्या अशाच बसत. दिपालीने विचारायला सुरुवात केली. आवाज मऊ होता, प्रश्न मऊ नव्हते. ते खोब्रागड्यांचेच होते. त्यांनीच तिला घोटवून घेतले होते.

"घटनेच्या आधी धोक्याची कल्पना होती का, सर?"

"नव्हती."

"कोणी सावध केलं होतं?"

"आठवत नाही."

दिपालीने ओशाळून टॅबलेट पुढे केला. शिबिराचं रेकॉर्डिंग सुरू झालं. 'जुना डाग पडत नसते. पडाचा असता तर पहिलेच पडला असता.'

"आवाज तुमचाच आहे न, अजी?" प्रेमिलाताईंनी विचारलं.

"माझ्यासारखा आहे," खोब्रागडे म्हणाले.

दिपालीने अहवालात लिहिलं की छत पडणं ही हॉटेलची चूक, पण त्याखाली बसून राहणं ही दावेदाराची. भरपाई दवाखान्याच्या बिलाच्याही खाली आली. खोब्रागड्यांनी तो अहवाल वाचला, पुन्हा वाचला. त्यात एकही फट नव्हती. त्यांना संतापाने घाम फुटला आणि त्याच वेळी आपण पोरीला काय तयार केलं आहे, याचा चोरटा अभिमानही वाटला. अभिमान त्यांनी कोणाला दाखवला नाही.

मग एकदाचं प्रतिज्ञापत्र मंजूर झालं. खोब्रागडे म्हणजे खोब्रागडेच, असं संस्थेने मान्य केलं. ते घरी बसून ऑनलाइन तास भरू लागले. अर्ध्यावर नवा धडा आला: 'दक्षतेचा अभाव: एक प्रत्यक्ष घटना'. पडद्यावर तोच हॉल, तोच डाग आणि डागाखाली एक माणूस. संस्थेने सौजन्य म्हणून त्याचा चेहरा धूसर केला होता. आवाज धूसर करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

धड्यानंतर परीक्षा. प्रश्न होता, 'सदर सर्व्हेअरने काय करायला हवे होते?' पर्याय होते: जागेवरून उठायला हवे होते, इतरांना शांत ठेवायला हवे होते, निरीक्षण चालू ठेवायला हवे होते. खोब्रागड्यांनी बाणेदारपणे 'निरीक्षण' निवडलं. एका गुणाने नापास झाले. दुसऱ्या खेपेला 'शांत ठेवायला' निवडलं. पुन्हा नापास. संस्थेचा निरोप आला की आता एकच संधी शिल्लक आहे, त्यानंतर बारा तास पहिल्यापासून.

तिसऱ्या वेळी प्रेमिलाताई शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"उठाले पाहिजे होतं, एवढंच तर म्हणाचं आहे. दाबा न."

"तत्त्वाचा प्रश्न आहे वं."

"तीनच पर्याय आहेत, त्यात तत्त्व कुठं दिसून राहिलं तुम्हाले?"

खोब्रागड्यांचं बोट बराच वेळ हवेत राहिलं. खांदा अजून दुखत होता. त्यांनी दार लागलं आहे ना, खिडकीत दत्तोपंत नाहीत ना, हे पाहून घेतलं आणि 'उठायला हवे होते' वर बोट ठेवलं. पडदा हिरवा झाला. 'अभिनंदन! आपण विषय उत्तम समजून घेतला आहे.' प्रेमिलाताईंनी शाळेत वाजवतात तशी टाळी वाजवली. खोब्रागडे आत जाऊन झोपले.

परवाना आला. कामंही हळूहळू येऊ लागली, लहानसहान. आणि हिवाळ्यात ऋषीचा फोन आला. पाण्याच्या नुकसानावर शिबिर आहे, या वेळी दुसऱ्या हॉटेलात; प्रत्यक्ष अनुभव असलेला वक्ता हवा आहे. खोब्रागडे फोन आपटणार होते, तेवढ्यात ऋषी म्हणाला की वक्त्याला दुप्पट तास मिळतात आणि यंत्रासमोर उभं राहावं लागत नाही.

खोब्रागडे गेले. हॉलमध्ये शिरताच आधी छत पाहिलं, मग खुर्ची पाहिली, मग उभं राहूनच बोलायचं ठरवलं. पडद्यावर तीच घटना लावली होती. समोर बसलेल्या निम्म्याअधिक लोकांनी ती प्रत्यक्ष पाहिली होती. ते खाली मान घालून, ओठ दाबून बसले.

"हा माणूस पाहा," खोब्रागडे पट्टीने धूसर चेहऱ्याकडे दाखवत म्हणाले. "डोक्यावर पाणी टपकून राहिलं, अन् हा पिवळ्या कडेवर भाषण देऊन राहिला. याले अनुभव म्हणत नाहीत. याले डोक्यात प्लास्टर भरणं म्हणतेत. एक पोरगी जीव तोडून सांगून राहिली उठा, तर हा तिले तत्त्वज्ञान शिकवते. असे लोक आपल्या धंद्यात पाहावं तिथं भरले आहेत. राखेत बूट घालतेत अन् स्वतःले मोठे समजतेत."

त्यांनी त्या माणसाची अशी चिरफाड केली की ऋषीलाच अवघडून आलं. मागे बसलेल्या दिपालीने तोंडावर रुमाल धरला. ती हसत होती की आणखी काही, ते कळायला मार्ग नव्हता.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. यंदाच धंद्यात आलेली वेदिका नावाची मुलगी उभी राहिली. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"सर, त्या माणसाचं पुढे काय झालं?"

खाली घातलेल्या माना एकदम वर झाल्या. खोब्रागड्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि चष्मा नीट केला.

"परवाना मिळाला त्याले," ते तुच्छतेने म्हणाले. "आपल्याइकडे कोणालेही मिळते."